नाथांनी घेतलेला घास

भंडारदऱ्याच्या धरणाच्या भिंतीवर उभे राहिले की प्रवरामाईची पुढची वाट मनाने चालावीशी वाटते. अकोले, संगमनेर मागे टाकून ती नेवाशाला जाते. तेथे तिच्याच तीरावर १२९० साली ज्ञानेश्वरी सांगितली गेली. पुढे प्रवरासंगमाला ती गोदावरीला मिळते आणि तिचे पाणी पैठणच्या नाथसागरात विसावते. हा जलाशय ज्यांच्या नावाने ओळखला जातो त्या संत एकनाथांनीच १५८४ मध्ये ज्ञानेश्वरीची शुद्ध प्रत सिद्ध केली. भंडारदऱ्याचे पाणी असे नाथांच्या दारी पोहोचते.

पाण्याचा विषय निघाला म्हणून एक योगायोग नमूद करतो. भंडारदऱ्याचे हे धरण १९२६ मध्ये पूर्ण झाले. त्यानंतर काही महिन्यांतच, २० मार्च १९२७ रोजी, डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी महाडच्या चवदार तळ्याचे पाणी ओंजळीत घेतले. एकीकडे नदीचे पाणी कालव्यांनी दूरदूरच्या शेतांत खेळू लागले होते. दुसरीकडे सार्वजनिक तळ्यातील ओंजळभर पाण्यासाठी माणसांना मार खावा लागत होता. १९३० मध्ये नाशिकला काळाराम मंदिराचा सत्याग्रह सुरू झाला, तरी दार उघडले नाही. अखेर १३ ऑक्टोबर १९३५ रोजी येवल्याला बाबासाहेबांनी धर्मांतराची घोषणा केली.

त्याच १९३५ साली पुण्याच्या प्रभात फिल्म कंपनीचा 'धर्मात्मा' हा बोलपट आला. दिग्दर्शक होते व्ही. शांताराम. रंगभूमीवर ज्यांना महाराष्ट्राने शालू नेसलेल्या नायिकांच्या रूपात डोक्यावर घेतले, त्या बालगंधर्वांनी येथे पुरुषवेषात एकनाथांची भूमिका केली. चित्रपटाचे मूळ नाव 'महात्मा' होते. त्या नावात गांधीजींचा निर्देश आहे, असा सेन्सॉरचा आक्षेप आला आणि नाव बदलावे लागले. सोळाव्या शतकातील संताची कथा विसाव्या शतकातील राज्यकर्त्यांना अडचणीची वाटावी, यातच तिचे सामर्थ्य दिसते.

या चित्रपटात दोन प्रसंग लागोपाठ विचारात घेण्याजोगे आहेत. श्राद्धाच्या दिवशी ब्राह्मणांच्या आधी नाथ अस्पृश्यांना जेवू घालतात, हा पहिला. नाथ स्वतः अस्पृश्याच्या घरी जाऊन जेवतात, हा दुसरा. धर्मपीठाचा कोप त्यांच्यावर होतो आणि त्यांना वाळीत टाकले जाते. वरवर पाहता दोन्ही प्रसंग एकाच दयाबुद्धीचे वाटतील. आमच्या मते मात्र त्यांत मोठे अंतर आहे.

जेवू घालणारा कितीही प्रेमळ असला तरी तो दाता असतो. घर त्याचे, पंगत त्याची, वाढणारा हातही त्याचाच. घेणारा तृप्त होतो, पण घेणाराच राहतो. दुसऱ्या प्रसंगात हे नाते उलटते. ज्याची सावलीही टाळली जात होती तो यजमान होतो आणि नाथ त्याचे पाहुणे होतात. त्याच्या चुलीवरचे अन्न, त्याच्या हातचे पाणी नाथ मुखात घालतात. त्या घासाने पोट किती भरले हा प्रश्नच नाही. एका माणसाचे यजमानपण मान्य झाले.

असा पाहुणा येतच नाही, तेव्हा काय होते? १९६७ च्या 'इन द हीट ऑफ द नाइट' या अमेरिकन चित्रपटात सिडनी पॉइटिए यांनी कृष्णवर्णीय पोलीस अधिकाऱ्याची भूमिका केली आहे. एक गोरा मळेवाला त्याच्या थोबाडीत मारतो आणि तो क्षणाचाही विलंब न लावता तशीच थप्पड परत करतो. आपल्याकडे नागराज मंजुळे यांच्या २०१३ च्या 'फँड्री'त कैकाडी समाजातील जब्या अखेर दगड भिरकावतो, तो थेट प्रेक्षकांच्या दिशेने. त्या थपडेचे वा दगडाचे समर्थन करावे की नाही हा वाद नंतरचा. जे दार आपण उघडायचे होते ते बंद ठेवले, ही कबुली आधी द्यावी लागते.

वाचकहो, हा प्रश्न आपल्या श्रद्धेच्या उगमापाशीच उभा आहे. प्रभू येशूने शोमरोनी स्त्रीकडे पाणी मागितले आणि जक्कयाच्या घरी तो पाहुणा म्हणून उतरला. अंत्युखियात मात्र संत पेत्र परराष्ट्रीयांच्या पंगतीतून मागे सरला, तेव्हा संत पौलाने त्याला सर्वांसमक्ष दोष दिला. ख्रिस्तसभेच्या आरंभीच्या मोठ्या वादांपैकी एक असा जेवणावरून झाला. एकाच वेदीवरून परमप्रसाद घेणाऱ्या आपल्या समाजात आजही सोयरीक जुळवताना जात विचारली जाते, हे आपण जाणतो. भारतीय महागुरूंच्या परिषदेनेही २०१६ मध्ये दलितांविषयीचे धोरण जाहीर करताना ख्रिस्तसभेतील जातिभेदाची कबुली दिली.

आम्ही स्वतःस यातून वगळत नाही. अनेक वर्षांपूर्वी भंडारदऱ्याच्या परिसरातील एका ठाकरवाडीत आम्ही धान्य व कपडे घेऊन गेलो होतो. वाटप आटोपले तेव्हा एका म्हातारीने नागलीची भाकरी आणि ठेचा पुढे केला. पोटाचे निमित्त सांगून आम्ही नको म्हटले. खरे कारण पोटाचे नव्हते. तिचे काळे पडलेले भांडे आणि मातीने भरलेले हात आमच्या नजरेत भरले होते. ती काही बोलली नाही. तिने भाकरी पुन्हा फडक्यात बांधली. त्या दिवशी आम्ही पुष्कळ दिले, आणि त्या माउलीपाशी देण्यासारखे जे एकच होते ते घेण्याचे नाकारले.

आपल्या धर्मग्रामांत दानधर्माला तोटा नाही. नाताळला, उपवासकाळात गरिबांसाठी ताटे वाढली जातात आणि ती वाढली जावीत. पण या वर्षी प्रत्येक कुटुंबाने आणखी एक करावे. ज्यांना आपण देतो त्यांच्यापैकी एकाच्या घरी, त्याने बोलावले तर, जेवायला जावे. जमिनीवर बसावे आणि पानात पडेल ते आनंदाने खावे. आम्हांलाही त्या वाडीवर पुन्हा जायचे आहे. या खेपेस रिकाम्या हाताने जाऊ आणि कोणी भाकरी पुढे केली, तर मान लववून घेऊ.