अब्रूनुकसानी व प्रसारमाध्यमे, महाराष्ट्रातील

एखाद्या व्यक्तीची समाजातील प्रतिष्ठा उणावेल असे विधान वा चित्र प्रसिद्ध करणे म्हणजे अब्रूनुकसानी होय. भारतात तिच्याविरुद्ध दोन मार्गांनी दाद मागता येते : फौजदारी न्यायालयात शिक्षेसाठी आणि दिवाणी न्यायालयात भरपाईसाठी. १८६० च्या भारतीय दंड संहितेतील कलमे ४९९ व ५०० यांनी या अपराधाची व्याख्या व शिक्षा निश्चित केली. मजकूर खरा असणे एवढाच बचाव तीत पुरेसा नव्हता. तो लोकहितार्थ प्रसिद्ध केला, हेही दाखवावे लागे. दिवाणी बाजू मात्र संहिताबद्ध नसून न्यायनिर्णयांतून घडत गेली आहे.

मराठी वृत्तपत्रसृष्टीला या कायद्याची पहिली मोठी झळ कोल्हापूर प्रकरणात लागली. कोल्हापूरचे अल्पवयीन छत्रपती चौथे शिवाजी यांना वेडे ठरवून त्यांचा छळ केला जात असल्याचा आरोप केसरी व मराठा या पत्रांनी केला. संस्थानचे कारभारी माधवराव बर्वे यांच्यावर त्यांचा रोख होता. आरोपांना आधार म्हणून पुढे आलेली पत्रे बनावट ठरली. टिळक व आगरकर यांनी दिलगिरी व्यक्त केली. तथापि जुलै १८८२ मध्ये दोघांना चार महिन्यांच्या साध्या कैदेची शिक्षा झाली. खटल्याच्या काळात जोतीराव फुले यांचे सहकारी रामशेठ उरवणे यांनी दहा हजार रुपयांचा जामीन दिला होता. १०१ दिवसांनी, २६ ऑक्टोबर १८८२ रोजी, डोंगरीच्या तुरुंगातून त्यांची सुटका झाली. छत्रपतींचे १८८३ मध्ये अहमदनगर येथे बंदिवासात निधन झाल्याने पत्रकारांची कळकळ लोकांना पटली. परंतु हेतू शुद्ध असला, तरी पुराव्याची शहानिशा संपादकालाच करावी लागते, हे या खटल्याने स्पष्ट केले.

स्वातंत्र्योत्तर काळात १९६६ मध्ये भारतीय वृत्तपत्र परिषद स्थापन झाली. आणीबाणीत ती रद्द झाली व १९७८ च्या अधिनियमान्वये पुन्हा अस्तित्वात आली. तिची कक्षा वृत्तपत्रे व वृत्तसंस्था यांपुरती असून तिला समज वा ठपका देता येतो, दंड करता येत नाही. खाजगी दूरचित्रवाहिन्या आल्यावर १९९५ च्या केबल दूरचित्रवाणी अधिनियमाखालील कार्यक्रमसंहितेने बदनामीकारक व अर्धसत्य कार्यक्रमांस मनाई केली. वृत्तवाहिन्यांनी २००८ मध्ये स्वनियमनासाठी प्राधिकरण स्थापले.

त्याच वर्षी पुणे येथील सावंत प्रकरण उद्भवले. १० सप्टेंबर २००८ रोजी टाइम्स नाऊ या वाहिनीने गाझियाबाद येथील भविष्य निर्वाह निधी घोटाळ्याच्या वार्तेत नामसादृश्यामुळे सर्वोच्च न्यायालयाचे निवृत्त न्यायमूर्ती व वृत्तपत्र परिषदेचे माजी अध्यक्ष पी. बी. सावंत यांचे छायाचित्र सुमारे पंधरा सेकंद दाखविले. वाहिनीने काही दिवसांनी पडद्यावर दिलगिरीची पट्टी फिरविली. सावंत यांनी पुण्यात दावा लावला. न्यायालयाने २०११ मध्ये शंभर कोटी रुपयांची भरपाई मंजूर केली. अपील प्रलंबित असताना हुकूमनाम्यास स्थगिती हवी असल्यास वीस कोटी रुपये रोख भरावेत व ऐंशी कोटींची बँक हमी द्यावी, अशी अट मुंबई उच्च न्यायालयाने घातली. तीत हस्तक्षेप करण्यास सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०११ मध्ये नकार दिला. चूक अनवधानाने झाली असली, तरी ती विनाविलंब व तितक्याच ठळकपणे दुरुस्त होणे आवश्यक आहे, हा धडा त्यातून मिळाला. त्याचबरोबर एवढ्या मोठ्या रकमेने लहान माध्यमसंस्थांचे तोंडच बंद होईल, अशी टीकाही झाली.

अब्रूनुकसानी हा अपराध मानणे घटनाबाह्य नाही, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने २०१६ मध्ये दिला. १ जुलै २०२४ पासून अंमलात आलेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम ३५६ मध्ये कैद व दंड यांच्या जोडीला समाजसेवेचीही शिक्षा आहे. वाहिन्यांविषयीच्या तक्रारींसाठी २०२१ च्या नियमांनी तीन पायऱ्या घालून दिल्या : प्रथम वाहिनी, नंतर स्वनियामक संस्था व अखेरीस केंद्र शासन. पहिल्या पायरीवर पंधरा दिवसांत निर्णय अपेक्षित असतो. या मार्गाने माफी वा दुरुस्ती मिळू शकते. भरपाईसाठी मात्र एका वर्षाच्या मुदतीत दिवाणी दावाच दाखल करावा लागतो.