सशर्त मजकूर

एकाच फाइलमधील ठरावीक मजकूर गरजेनुसार दाखवण्याची किंवा लपवण्याची डीटीपीतील सोय. लपवलेला मजकूर फाइलमध्येच राहतो; छपाईत मात्र येत नाही. फ्रेममेकर या सॉफ्टवेअरमध्ये ही सोय पूर्वीपासून होती. इनडिझाइनमध्ये ती २००८ च्या सीएस ४ आवृत्तीत आली.

गणेशोत्सव मंडळांच्या स्मरणिकेसाठी ही सोय फार कामाची आहे. समजा, सभासदांच्या प्रतीत जमाखर्च हवा आणि जाहिरातदारांना द्यायच्या नमुन्यात जाहिरातीचे दर. ‘सभासद’ व ‘जाहिरातदार’ अशा दोन अटी तयार करून त्या-त्या परिच्छेदांना लावल्या, की पॅनेलमधील डोळ्याच्या चिन्हावर क्लिक करून हवी ती प्रत तयार होते. अध्यक्षांचे नाव बदलले, तर दुरुस्ती एकदाच करावी लागते.

परिच्छेदाच्या शेवटच्या खुणेलाही अट लावावी. नाहीतर मजकूर गेला तरी रिकामी ओळ उरते. मजकूर लपवला की पुढच्या ओळी वर सरकतात आणि पृष्ठक्रमांकही बदलू शकतात.

म्हणून प्रत्येक आवृत्तीची अनुक्रमणिका अद्ययावत करून मुद्रितशोधन स्वतंत्रपणे करावे.