रान, रानटी आणि रानभेंडी

अजिंठ्याची लेणी पाहावयास निघालेला प्रवासी फर्दापुरात थांबतो तो बहुधा चहापुरता. घाटाच्या पायथ्याशी असलेल्या या गावात मोगलकालीन सराई आहे, हेही अनेकांच्या ध्यानी येत नाही. मग बांधावरच्या रानभेंडीकडे कोण पाहणार? निंदणीत ती उपटली जाते. 'रान' हा शब्द मात्र विचार करावयास लावतो. आपला शेतकरी 'रानात चाललो' म्हणतो तेव्हा तो शेतातच निघालेला असतो. नागर मराठीने त्याच शब्दापासून 'रानटी' हे दूषण घडविले. पिकांच्या इतिहासात ही दोन्ही राने एकमेकांना भेटतात, आणि त्याचा एक ठळक दाखला मराठवाड्यातलाच आहे.

भेंडीच्या पानांच्या शिरा पिवळ्या पडतात, मग सगळे पान आणि शेवटी फळही फिकटते. शेतकरी या रोगाला 'केवडा' म्हणतात. (संकटाला इतके सुगंधी नाव देण्याची रसिकता आमच्या समीक्षेत नाही!) मुंबई इलाख्यात १९२४ साली कुलकर्णी यांनी त्याची नोंद केली; १९४० साली उप्पल, वर्मा आणि कपूर यांनी त्याचे वर्णन केले. रोगाचा विषाणू पांढरी माशी एका झाडावरून दुसऱ्यावर नेते. त्या विषाणूच्या आंतरराष्ट्रीय नावात आजही 'भेंडी' हाच शब्द आहे. दिल्लीहून आलेल्या 'पुसा सावनी' या वाणाने काही वर्षे रोग थोपविला, नंतर तोही बळी पडला.

परभणीच्या मराठवाडा कृषी विद्यापीठात जांभळे आणि नेरकर यांनी भेंडीच्या रानटी गोतावळ्याकडे मोर्चा वळविला. फर्दापूरच्या बांधावरची ती हीच जात, असे नव्हे. ही तिची भाऊबंद, 'अबेलमोस्कस मॅनिहॉट'. १९८१ च्या त्यांच्या निबंधात तिची रोगप्रतिकारशक्ती एका प्रभावी जनुकाकडून येते असे दाखविले आहे. पण असा संकर सोपा नसतो. संतती पुष्कळदा वांझ निघते आणि प्रतिकारासोबत नको ते रानटी गुणही येतात. म्हणून संकरित झाडाचा 'पुसा सावनी'शी पुनःपुन्हा संकर करीत, पिढ्यान्‌पिढ्या निवड करावी लागली. त्यातून 'परभणी क्रांती' आली. १९८६ साली तिची माहिती प्रसिद्ध झाली.

येथे एक भेद सांगितला पाहिजे. हा प्रतिकार विषाणूला होता, माशीला नव्हता. प्रत्यक्ष किडीला अडविणारे गुण पाहायचे तर तुरीच्या रानटी आप्ताकडे, 'कॅजॅनस स्कॅरॅबिऑइडिस'कडे जावे लागते. तिच्या शेंगेवरची दाट लव इवल्या घाटेअळीला सालीपर्यंत पोहोचूच देत नाही. पाटणचेरूच्या इक्रिसॅटमध्ये तिचा बराच अभ्यास झाला आहे.

'क्रांती'वरही पुढे अनेक ठिकाणी केवडा दिसू लागला. विषाणूही बदलत असतो. संशोधक पुन्हा रानभेंडीच्या इतर जातींकडे वळले; फर्दापूरच्या बांधावर निंदणी मात्र दर पावसाळ्यात ठरल्याप्रमाणे होते.