काचेची पेटी आणि गावचे तळे

श्रोतेहो, मासे पाळण्याची हौस माणसाला फार जुनी. पण पूर्वी मासा पाळायचा तो हौदात नाहीतर कुंडात, आणि दिसायची ती त्याची पाठ. मासा घर कसे करतो, पिले कशी राखतो, हे समोर बसून पाहण्याची सोय काचेच्या पेटीने केली. तिचा इतिहास उणापुरा पावणेदोनशे वर्षांचा.

लंडनचे रसायनशास्त्रज्ञ रॉबर्ट वॉरिंग्टन यांनी एका टाकीत सोनमासे, पाणवनस्पती आणि गोगलगायी एकत्र ठेवल्या. वनस्पती प्राणवायू पुरवतात, गोगलगायी कुजकी पाने फस्त करतात आणि पाणी पुष्कळ दिवस चांगले राहते, असे त्यांनी १८५० साली मांडले. १८५३ साली लंडनच्या प्राणिसंग्रहालयात मत्स्यालय उघडले आणि बघता बघता ही हौस घरोघर गेली. आपल्या मुंबईत तारापोरवाला मत्स्यालय सुरू झाले ते १९५१ साली.

आता, या पेटीत मासा कोणता ठेवावा? पुष्कळांना मोह पडतो तो सिक्लिड कुळाचा. आफ्रिका आणि दक्षिण व मध्य अमेरिका ही या कुळाची मोठी माहेरे. बहुतेक मासे अंडी टाकून निघून जातात. सिक्लिड मात्र अंड्यांवर पहारा करतात, पिलांना सांभाळतात. प्राण्यांच्या वर्तनाच्या अभ्यासाबद्दल १९७३ साली नोबेल पारितोषिकाचे मानकरी झालेले कॉनराड लॉरेन्झ यांनीही या माशांचा संसार पेटीसमोर बसून न्याहाळला होता. पण जो पिलांसाठी पहारा करतो, तो जागेसाठी भांडतोही. लहान पेटीत खरी अडचण येते ती इथेच.

समजा, तुमची पेटी दोन फूट लांब, एक फूट रुंद आणि एक फूट उंच आहे. काठोकाठ भरली तर तीत सुमारे ५६ लिटर पाणी मावते. वाळू-दगड घातले की त्याहून कमी. दुकानात बोटाएवढा ऑस्कर मासा फार गोजिरा दिसतो; पण तोच वाढून फूटभर होतो. ॲमेझॉनचा एंजल मासा देखणा खरा, पण परांसकट वीतभर उंच होतो. त्याला ही पेटी ठेंगणी पडते. आफ्रिकेतील मलावी सरोवराचे निळे-पिवळे मासे, ज्याला साबणाचा फेस येत नाही अशा दुष्फेन पाण्यात सुखाने राहतात. पण ते भांडखोर, त्यांना ऐसपैस जागा हवी. व्हेनेझुएला-कोलंबियाकडचा रामिरेझी जेमतेम दोन इंचांचा. आकाराने तो बसतो, पण त्याला पाणी लागते मऊ. आपल्या विहिरींचे पाणी बहुधा तसे नसते.

मग जरा आपल्या घरात डोकावू या. भारतातही सिक्लिडच्या तीन देशी जाती आहेत. गोव्याच्या खाड्यांत मिळणारा कालुंदर हा त्यांतला थोरला. बर्लिनचे वैद्य मार्कुस ब्लॉख यांनी १७९० साली त्याचे वर्णन केले आणि त्याच्या शास्त्रीय नावात आपले सुरत शहर गोवले. १७९५ साली त्यांनीच त्याच्या धाकट्या भावाचे वर्णन केले. हा केशरी-पिवळा, ठिपक्यांचा, सुमारे तीन इंचांचा. बाजारात त्याला ऑरेंज क्रोमाइड म्हणतात. दक्षिण भारत आणि श्रीलंकेतील खाड्यांत तो राहतो. दुष्फेन पाणी त्याला चालते, चिमूटभर मीठही मानवते. नर-मादी दोघे मिळून पिले राखतात आणि पिले आईबापांच्या अंगावरचा चिकट स्राव खातात. आपल्या पेटीत याची एक जोडी ठेवावी. एकच, अधिक नको.

निवड चुकली तर काय होते? मासा वाढतो, पेटी पुरत नाही. मारायला हात धजत नाही. मग माणूस पुण्य समजून तो विहिरीत नाहीतर तळ्यात सोडतो. इथे इतिहासाचा दाखला ऐका. मोझांबिकचा तिलापिया हाही सिक्लिडच. १९५२ साली तो भारतात आणला तो शोभेसाठी नव्हे, स्वस्त अन्न मिळावे म्हणून. हेतू चांगलाच होता. पण याची मादी अंडी तोंडात सांभाळते, त्यामुळे पिले पुष्कळ जगतात आणि काही महिन्यांतच तीही वयात येतात. तळी भरली खरी, पण खुरट्या माशांनी. तिथून तो ओढ्यांत गेला, नद्यांत गेला, आणि जिथे माजला तिथे जुने मासे मागे पडले. धरणाकाठी चिलापी म्हणून जे मासे विकले जातात, ते याच गोतातले. त्यांवर आज अनेक मच्छीमारांची चूल पेटते, हेही खरे. पण एकदा सुटलेला मासा परत बोलावता येत नाही, हेही तितकेच खरे.

शिक्षक बंधुभगिनींनो, शाळेत पेटी ठेवाल तर आधी मुलांना तीन प्रश्न घाला. मासा पुरता वाढल्यावर केवढा होईल? त्याला पाणी कसले लागेल? आणि पिले झाली, तर ती कोणाला देणार? तिसऱ्याचे उत्तर मिळेपर्यंत दुकानाची पायरी चढू नका. पिले शेजारच्या शाळेला द्या, दुकानदाराला परत द्या. क्रोमाइड देशी असला, तरी तो तुमच्या गावचा नव्हे. तेव्हा पेटीतला मासा पेटीतच राहू द्या. तळे आहे तसे पुढच्या पिढीच्या हाती जाऊ द्या.