मनोविकारांवरील औषधांचा आकस्मिक त्याग
मनोविकारांवरील औषधे दीर्घकाळ घेतल्यानंतर ती एकाएकी बंद केली असता शरीरात व मनात जी विस्कळित अवस्था उद्भवते, तीस औषधत्याग-लक्षणसमूह म्हणतात. झोप उडणे, घाम, मळमळ, चक्कर, हातापायांचा कंप, तीव्र भय, चिडचिड व रडू कोसळणे ही त्यातील नेहमीची लक्षणे होत. अवसादरोधी औषधे सोडणाऱ्या काही रुग्णांना डोक्यातून विजेचा झटका गेल्यासारखी संवेदना होते. शामक औषधे एकदम तोडल्यास अपस्मारासारखे झटके व मुग्धभ्रांती (भान हरपून भ्रमिष्ट होणे) येऊ शकते आणि ते जिवावरही बेतू शकते. यांतील बरीच लक्षणे मूळ विकारासारखीच भासतात. त्यामुळे औषध सोडल्याचा परिणाम कोणता आणि विकाराचा पुनरुद्भव कोणता, हा भेद ओळखणे हा ह्या विषयाचा गाभा आहे. तो वैद्यकाने अनेकदा ओळखला आणि अनेकदा विसरला.

इतिहास : एकोणिसाव्या शतकात मनोरुग्णांची व्यवस्था मुख्यतः कोठडीबंद निवासाची होती. दक्षिण कोकणासाठी रत्नागिरी येथे १८८६ मध्ये मनोरुग्णालय स्थापन झाले. मसुरे (ता. मालवण) आणि आजच्या सिंधुदुर्ग जिल्ह्यातील इतर गावे त्यावेळी रत्नागिरी जिल्ह्यातच होती; स्वतंत्र सिंधुदुर्ग जिल्हा १९८१ मध्ये झाला. रुग्णास घरी ठेवता येईल असा औषधोपचार त्या काळी जवळजवळ नव्हता.

हे चित्र विसाव्या शतकाच्या मध्यास पालटले. त्यात भारतीय वनस्पतीचाही वाटा आहे. गणनाथ सेन व कार्तिकचंद्र बोस यांनी १९३१ मध्ये सर्पगंधेचा उन्मादावरील व वाढलेल्या रक्तदाबावरील उपयोग वर्णिला. मुंबईचे हृद्रोगतज्ञ रुस्तुम जाल वकील यांनी १९४९ मध्ये तिच्या रक्तदाबावरील परिणामांविषयीचा निबंध ब्रिटिश नियतकालिकात प्रसिद्ध केला. तिच्यातील रेसर्पीन हे द्रव्य १९५२ मध्ये स्वित्झर्लंडमध्ये वेगळे करण्यात आले. त्याच वर्षी पॅरिस येथे झां डले व प्येर दनिकेर यांनी क्लोरप्रोमाझीन हे औषध चित्तविकृतीवर वापरले. त्यापूर्वी १९४९ मध्ये ऑस्ट्रेलियात जॉन केड यांनी लिथियमाचा उपयोग दाखविला होता. इमिप्रामीन (१९५७), क्लोरडायझेपॉक्साइड (१९६०) व डायझेपाम (१९६३) ही औषधे त्यामागोमाग आली. औषधाची गोळी घरात आल्याने रुग्ण घरी राहू लागला. परंतु गोळी केव्हा बंद करावयाची हा निर्णयही रुग्णालयातून घरात आला.

बंद करण्यातील धोका आरंभापासूनच ज्ञात होता. अमेरिकेतील लेक्सिंग्टन येथे हॅरिस इझबेल व त्यांचे सहकारी यांनी १९५० मध्ये बार्बिट्युरेटांविषयीचे प्रयोग प्रसिद्ध केले. दीर्घकाळ मोठ्या मात्रा देऊन औषध एकदम तोडल्यावर बहुतेकांना झटके वा मुग्धभ्रांती आली. हे प्रयोग कारावासातील व्यक्तींवर झाले होते. आजच्या नीतिनियमांनुसार ते मान्य होणार नाहीत. लिओ हॉलिस्टर यांनी १९६१ मध्ये क्लोरडायझेपॉक्साइडाच्या मोठ्या मात्रा घेणाऱ्या ११ रुग्णांचे औषध नकळत थांबविले. त्यांपैकी १० जणांत नवी लक्षणे दिसली व दोघांना झटके आले. त्याच वर्षी क्रेमर, क्लाइन व फिंक यांनी इमिप्रामीन थांबविल्यानंतरची लक्षणे नोंदविली.

तरीही पुढील दोन दशके डायझेपामाच्या वर्गातील (बेंझोडायझेपीन) औषधे निर्धोक समजून सढळपणे दिली गेली. नेहमीच्या, लहान मात्रेतही ती दीर्घकाळ घेतल्यास सोडताना त्रास होतो, हे लंडन येथे पेटुर्सन व माल्कम लेडर यांनी १९८१ मध्ये दाखविले. न्यूकॅसल येथे हेदर ॲश्टन (१९२९–२०१९) यांनी १९८२ ते १९९४ ह्या काळात अशा रुग्णांसाठी स्वतंत्र चिकित्सालय चालविले. अल्पकाळ परिणाम करणाऱ्या गोळीच्या जागी दीर्घकाळ टिकणारे डायझेपाम देऊन ते रुग्णाच्या सोयीने महिनोन्‌महिने कमी करीत नेणे, ही त्यांची पद्धत होती. सेरोटोनिनावर कार्य करणाऱ्या नव्या अवसादरोधी औषधांच्या बाबतीत हाच क्रम पुन्हा घडला. त्यांच्या त्रासास १९९६–९७ च्या सुमारास ‘खंडन-लक्षणसमूह’ असे सौम्य नाव देण्यात आले आणि तो एकदोन आठवड्यांत शमतो असे मानले गेले. काही रुग्णांत तो महिनोन्‌महिने टिकतो, ही गोष्ट मुख्यतः रुग्णांच्या तक्रारींमुळे पुढे आली. ब्रिटनमधील मनोविकारतज्ञांच्या रॉयल कॉलेजने २०१९ मध्ये आपली भूमिका तदनुसार बदलली.

कारणमीमांसा : औषधाच्या सततच्या सान्निध्यामुळे मेंदू आपला तोल नव्याने साधतो, ग्राहींची संख्या व संवेदनशीलता बदलते. औषध एकाएकी नाहीसे झाले, तरी हे अनुकूलन तत्काळ नाहीसे होत नाही. बैलगाडीच्या एका बाजूचे ओझे एकदम उतरविले असता गाडी दुसऱ्या बाजूस कलंडावी, तसे हे आहे. म्हणून लक्षणे उद्भवणे हे रुग्णाच्या दुबळेपणाचे वा व्यसनाधीनतेचे चिन्ह नव्हे.

मात्रा व परिणाम यांचे प्रमाणही सरळ नसते. मार्क हॉरोविट्झ व डेव्हिड टेलर यांनी २०१९ मध्ये दाखविल्याप्रमाणे सिटॅलोप्रामाची ४० मिग्रॅ. मात्रा सेरोटोनिन-वाहकांपैकी सु. ८६% व्यापते, २० मिग्रॅ. सु. ८०% आणि सु. ९ मिग्रॅ. मात्रा ७०% व्यापते. म्हणजे ४० वरून २० वर येताना फरक अल्प पडतो, परंतु २० वरून शून्यावर येताना तो प्रचंड असतो. अखेरचे टप्पे सर्वांत लहान असावेत, हे तत्त्व यातून निघाले.

लक्षणांच्या प्रमाणाबाबत मतभेद आहेत. २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका एकत्रित विश्लेषणात अवसादरोधी औषध सोडणाऱ्यांपैकी सु. ३१% व्यक्तींना लक्षणे जाणवली. तथापि निष्क्रिय गोळी बंद करणाऱ्यांतही ती सु. १७% आढळली. तीव्र त्रास सु. ३% इतकाच होता. यातील अनेक चाचण्यांत औषध अल्पकाळच दिलेले असल्याने दीर्घकाळ ते घेणाऱ्यांना हे आकडे जसेच्या तसे लागू करता येत नाहीत, असा आक्षेप आहे.

पूर्वस्थिती : लक्षणे औषध सोडल्यापासून काही तासांत वा दिवसांत सुरू झाली, त्यांत पूर्वी कधीच नसलेल्या शारीरिक तक्रारी असल्या आणि औषध पुन्हा सुरू करताच ती त्वरित ओसरली, तर ती त्यागजन्य समजतात. मूळ विकार बहुधा सावकाश, काही आठवड्यांनी वा महिन्यांनी परततो. लिथियम याला अंशतः अपवाद आहे : ते एकदम थांबविल्यास उन्मादाचा पुनरुद्भव लवकर व अधिक प्रमाणात होतो, असे बाल्डेसारिनी व सहकाऱ्यांच्या अभ्यासांत दिसले. उपचार म्हणजे वैद्यकीय देखरेखीखाली औषध पुन्हा सुरू करून स्थैर्य आल्यावर ते टप्प्याटप्प्याने कमी करणे. सुधारणा सरळ रेषेत होत नाही. बरे दिवस व वाईट दिवस आलटूनपालटून येतात. औषध सोडणे हे प्रत्येकासाठी योग्य ध्येय असते असेही नाही. छिन्नमानसासारख्या विकारांत औषध सावकाश कमी करूनही गंभीर पुनरुद्भव वाढल्याचे ब्रिटनमधील २०२३ च्या चाचणीत आढळले.

दक्षिण कोकणातील परिस्थिती : मालवण किनाऱ्यावरील मसुऱ्यासारख्या विखुरलेल्या वाड्यांच्या गावात औषध तुटण्याची कारणे बहुधा साधी असतात : तज्ञाचे अंतर, पावसाळ्यातील अडलेली वाट, मुंबईहून गोळ्या पाठविणाऱ्या नातेवाइकाचा खंड, लोकलज्जा, किंवा बरे वाटू लागल्याने आलेला विश्वास. त्यानंतर आलेला निद्रानाश व भय यांना घरचे लोक ‘बाधा’ समजतात आणि देवापुढे गाऱ्हाणे घालून कौल लावतात. उलट घाईतील वैद्यक त्यालाच रोगाचा पुनरुद्भव समजून मात्रा वाढवते. गोळ्या केव्हा थांबल्या, हा एक प्रश्न दोन्हीकडे विचारावयाचा राहून जातो. गाऱ्हाण्याने कुटुंबास धीर मिळतो, मात्र तुटलेल्या औषधाची जागा ते घेऊ शकत नाही.

२५ मार्च २०२० पासूनच्या देशव्यापी टाळेबंदीत हा प्रश्न सर्वत्र एकाच वेळी उभा राहिला. दूरवैद्यकाची मार्गदर्शक तत्त्वे त्याच दिवशी जाहीर झाली आणि १० ऑक्टोबर २०२२ रोजी ‘टेली मानस’ ही दूरध्वनी सेवा (१४४१६) सुरू झाली. मानसिक आरोग्य सेवा अधिनियम, २०१७ च्या कलम १८ नुसार आवश्यक यादीतील मनोविकारांवरील औषधे सामूहिक आरोग्य केंद्रापासून वरच्या सर्व शासकीय संस्थांत सर्वकाळ विनामूल्य मिळणे हा रुग्णाचा हक्क आहे. महाराष्ट्रात हा स्तर ग्रामीण रुग्णालयाचा, म्हणजे मसुऱ्यासाठी मालवणचा आहे. अधिनियमातील ‘सर्वकाळ’ हा शब्द ह्या दृष्टीने महत्त्वाचा आहे. कारण औषध सावकाश सोडावयाचे असले, तरी त्यासाठी ते अखंड मिळत राहावे लागते.