गुंजनदोष, व्हॉल्व्ह-ध्वनिवर्धकातील

गिटारसाठी घरी बांधलेल्या व्हॉल्व्हच्या ध्वनिवर्धकातून, तार न छेडताही, जी अखंड घरघर उमटते तीस कारागीर ‘हम’ म्हणतात. आपल्याकडील विद्युत्पुरवठा 50 हर्ट्‌झचा असल्यामुळे, घरघर त्याच कंप्रतेची असल्यास 6.3 व्होल्टच्या तापक तारा, अर्थिंगची सदोष जोडणी किंवा गिटारची केबल यांवर संशय धरावा. आणि ती एक सप्तक वर, म्हणजे 100 हर्ट्‌झची, असल्यास पूर्णतरंग एकदिशीकरणानंतरचे जुने, सुकलेले गाळणी-कपॅसिटर तपासावेत. तेरेखोलकाठच्या बांद्यासारख्या दमट मुलखात सॉकेटांवर चढणारा गंज मात्र दोन्ही सोंगे वठवितो, म्हणून तोच आमच्या मते सर्वांत फसवा. तपासाचा जुना दस्तूर असा की, तापक समांतर जोडलेले असतील तर, दर खेपेस यंत्र बंद करून, प्रवेशाकडील व्हॉल्व्हपासून एकेक काढीत जावे; जो काढताच घरघर थांबेल, त्याच्याच टप्प्यात दोष असतो. बंद यंत्राच्या कपॅसिटरांतही 300 व्होल्टांहून अधिक दाब उरू शकतो, तेव्हा तो रोधकातून उतरविल्यावाचून आत हात घालू नये. आणि घरघर घालविण्यासाठी अर्थिंगची तार तर कदापि तोडू नये.