शांत झाला, म्हणजे बरा झाला का?

अमरावती-अकोल्याकडून मनोरुग्ण नागपूरच्या मनोरुग्णालयात न्यायचा, तर घरच्यांची विनवणी बहुधा एकच असते: "डाक्टरसाहेब, याले शांत करा." आज आपण या 'शांत'चा इतिहास पाहू.

1935 मध्ये लिस्बनला इगास मोनिझ यांनी मानसिक आजारावर मेंदूची शस्त्रक्रिया सुरू केली. कवटीला भोके पाडायची आणि कपाळामागच्या भागातले तंतू तोडायचे. 1949 साली त्यांना नोबेल मिळाले. आपल्या देशातही 1940च्या दशकात बंगळूरच्या मनोरुग्णालयात ही शस्त्रक्रिया झाली.

मग हे डॉक्टर क्रूर होते का? आम्ही तसे म्हणणार नाही. वॉर्ड भरलेले, हाताशी धड औषध नाही. क्लोरप्रोमाझिन वापरात आले तेच मुळी 1952 मध्ये. घोटाळा झाला तो मोजमापात. आरडाओरडा थांबला की रुग्ण सुधारला, असे धरले जाई. त्यासोबत कित्येकांची इच्छा, उमेद, हसणे-रुसणेही गेले. आराम पडला तो वॉर्डाला अन् घराला.

2017च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याचे कलम 96 म्हणूनच महत्त्वाचे. रुग्णाची स्वतःची संमती आणि मानसिक आरोग्य पुनरावलोकन मंडळाची मंजुरी, दोन्ही असल्याशिवाय अशी शस्त्रक्रिया करता येत नाही. घरच्यांची सही पुरत नाही.

आता गोळ्या आहेत, पण प्रश्न तोच आहे. तेव्हा डॉक्टरांना "शांत आहे जी" एवढेच सांगून उठू नका. आधी त्यालाच विचारा, "तुले कसं वाटते रे?"